दार किती उघडायचं? केडगावच्या मुक्ती सदनाचा प्रकरण अभ्यास

आश्रम किंवा वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते: दारात उभं असलेलं माणूस संस्थेच्या नियमात बसत नाही. घटनेत लिहिलेलं असतं ‘विधवांसाठी’, आणि समोर आठ वर्षांची पोरकी मुलगी उभी असते. कागदावर ‘अनाथ बालकांसाठी’ असतं, आणि मुलाचा हात धरून एक म्हातारी आलेली असते, जिलाही जगात दुसरं कोणी नाही. देणगीदाराला एक उद्देश सांगितलेला, आणि उंबऱ्यावरची गरज दुसरीच. अशा वेळी नियम दाखवून परत पाठवलं तर मन खातं, आणि आत घेतलं तर हिशोब, जागा, माणसं सगळंच कोलमडण्याची भीती.

पंडिता रमाबाईंपुढे १८९६च्या अखेरीस हा प्रश्न शेकडोंच्या संख्येनं येऊन उभा राहिला. पुढच्या चार वर्षांत काही डझन विधवांची त्यांची शाळा अनाथ मुली, फसवल्या गेलेल्या बायका, अंध आणि वृद्ध अशा जवळजवळ दोन हजार जणांचं घर झाली. ते घर म्हणजे केडगावचं मुक्ती सदन. रमाबाईंबद्दल लिहिताना बहुतेक वेळा त्यांचं धर्मांतर किंवा त्यांची विद्वत्ता यांवरच शाई खर्च होते. संस्था उभारणीचं त्यांचं काम मात्र त्या मानानं कमी तपासलं गेलं आहे. निराधारांसाठी काम करणाऱ्यांनी ते बारकाईनं पाहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

शाळा होती, आश्रम नव्हता

रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या. वय चोविशीच्या आसपास, पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. १८८६ साली अमेरिकेत गेल्यावर त्यांनी गावोगावी व्याख्यानं देऊन उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदतीची हमी घेतली.

या हमीमागे एक अट होती: शाळेत धर्मशिक्षण नको. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. मुलींना आपापले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळण्याची मुभा होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. इथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांच्याशीच धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुनर्विवाह केला, आणि त्या आनंदीबाई तथा बाया कर्वे झाल्या.

त्याच १८९३ साली घडी विस्कटली. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत आहेत, अशी ओरड झाली. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कोणालाही बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दारही कोणाला बंद करणार नाही. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याच्या समाजाचा विश्वास गेला तो गेलाच. कर्व्यांना १८९६ साली वेगळी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढावीशी वाटली त्यामागे हीही पार्श्वभूमी होती.

म्हणजे १८९६ साली रमाबाईंच्या हाती काय होतं? गावाचा पाठिंबा नव्हता. परदेशी मदतीची मुदत १८९८ साली संपणार होती. मुदत संपली तर शाळेला स्वतःचं काही उत्पन्न असावं म्हणून त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे फळबाग करायची आणि तिच्या पैशावर शारदा सदन चालवायचं, असा साधा हिशोब. दूरदृष्टी म्हणायची तर ती इथे आहे. देणगी चालू असतानाच देणगी संपल्यावर काय, हा विचार त्यांनी करून ठेवला होता. आजही किती संस्था प्रकल्पाचं शेवटचं वर्ष उजाडेपर्यंत तो करत नाहीत!

दुष्काळ

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात पोचत होत्या. रमाबाईंकडे ना पैसे होते, ना जागा, ना अशा मुलींना ठेवून घेण्याची कोणाची परवानगी. बोस्टनच्या मंडळींनी पैसे दिले होते ते उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी, दुष्काळात सापडलेल्या कुणबी-कोष्ट्यांच्या पोरींसाठी नव्हे.

तरी त्या गेल्या, कारण उपासमार त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. ऐन तारुण्यात त्यांनी दुष्काळात आई-वडील गमावले होते. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्या सांगतात की एका टप्प्यावर अकरा दिवस त्या कुटुंबानं पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील गेल्यावर आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई एका घरी गेल्या, पण शरमेनं तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईनं ओळखून भाकरी दिली. ती आईपर्यंत पोचली, पण आईच्या अंगात खाण्याची ताकद उरली नव्हती.

ज्या बाईनं हे भोगलं आहे, तिची नजर दुष्काळी छावणीत वेगळ्या जागी जाते. सरकारी अधिकारी किती माणसांना धान्य दिलं ते मोजत होते. रमाबाईंनी पाहिलं की आई-बाप मेलेल्या, अंगावर धड वस्त्र नसलेल्या मुली छावणीत रात्री कुठे झोपतात आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची आहे. पोटासाठी मुली विकल्या जात होत्या. त्यांना गोळा करणारे दलाल आसपास वावरत होते आणि काही ठिकाणी राखण करणारेच त्यांना नासवत होते. अन्न मिळालं म्हणजे माणूस वाचलं असं होत नाही, हे त्यांनी ‘दुष्काळातले अनुभव’ सांगताना स्पष्ट लिहिलं. निराधार मुलींच्या बाबतीत अन्न आणि संरक्षण वेगळं करता येत नाही, ही गोष्ट आज कोणत्याही आपत्ती निवारणाच्या आराखड्यात लिहिलेली सापडेल. १८९७ साली ती छापून सांगणारी माणसं फार थोडी होती.

सुमारे तीनशे मुली आणायच्या असं त्यांनी ठरवलं, आणि काही महिन्यांत तितक्या आणल्याही. त्यात सगळ्या जातींच्या होत्या. सोवळं, वेगळी चूल, उच्चवर्णीय विधवा ही शारदा सदनाची चौकट या मुलींना लागूच होत नव्हती.

प्लेग आणि उघडं माळरान

मुली पुण्यात आणाव्यात तर तिथे प्लेग आलेला. नव्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन तेवढी हाताशी होती. तिथे तीनशे जणींना पुरेल असं छप्पर नव्हतं. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या, आणि त्या माळावर वस्ती सुरू झाली.

याच काळात त्यांनी आणखी एक काम केलं. प्लेगच्या दवाखान्यात आणि विलगीकरण छावणीत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, आपल्या आश्रमातल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल, त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारनं आरोप नाकारले. सरकारच्या परवानगीवर ज्यांचं रोजचं चालणं अवलंबून आहे, पुण्याचा समाज आधीच विरोधात आहे, अशा संस्थेच्या प्रमुखानं एका मुलीसाठी सरकारला जाब विचारणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे राहणारी व्यक्ती आपली जबाबदारी आहे, म्हणजे ती आवाराबाहेर गेल्यावरही आहे, असा त्याचा अर्थ. मला या सगळ्या प्रकरणात रमाबाईंबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या पत्रामुळे.

सांभाळायचं कोणी?

आता खरा प्रश्न. उपासमारीतून आलेली मुलगी कशी असते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. अंगावर खरूज, पोटात जंत, डोळे चिकटलेले. अन्न समोर आलं की ती ओरबाडून घेते, लपवून ठेवते. शेजारणीला मारते. काम सांगितलं तर पळून जाते. पुष्कळशा इतक्या खंगून आल्या होत्या की आश्रमात पोचूनही वाचल्या नाहीत.

पगारी माणसं ठेवायला पैसे नव्हते. मदतीला मोजक्याच जणी होत्या. त्यांतल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी पुढे रमाबाईंच्या गैरहजेरीत सगळा कारभार ओढला. पण शेकडो मुलींना रोज उठवणं, न्हाऊ घालणं, जेवू घालणं, शिकवणं हे मूठभर पाहुण्या बायकांचं काम नव्हतं. ते केलं शारदा सदनात शिकलेल्या विधवांनी आणि थोरल्या मुलींनी. मुलींचे लहान लहान गट पाडले आणि प्रत्येक गट एका बाईच्या हवाली केला. गटाची बाई ती, आईच्या जागी.

या रचनेत दोन गोष्टी एकदम साधल्या. लहानग्यांना रोज तोच चेहरा दिसू लागला. अनाथ मुलांच्या बाबतीत ही गोष्ट किती मोलाची असते ते आजचे बालमानसशास्त्रज्ञ कंठशोष करून सांगत असतात. आणि ज्या विधवेला सासरी ‘अपशकुनी’ म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, तिच्या हाती वीस-पंचवीस जिवांची जबाबदारी आली. तिला आता उपकारांखाली राहणारी म्हणून बघता येईना. संस्थेला तिची गरज होती, आणि हे तिलाही कळत होतं.

शिकवण्याची पद्धतही ठरलेली होती. अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला होता. खेळ, वस्तू, हाताचं काम यांतून शिकवायचं. दुष्काळातून आलेल्या, कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलीला पाटीपुढे बसवून बाराखडी घोकायला लावली असती तर ती दुसऱ्या दिवशी दिसली नसती.

आवार एक, घरं वेगवेगळी

१८९९-१९०० साली दुसरा दुष्काळ आला. गुजरात, काठेवाड, राजपुताना होरपळले. तिकडे त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. या वेळी आधीच्या दुष्काळातून आलेल्या आणि आता शिकलेल्या मुलीही मदतकार्यात होत्या. हजाराहून जास्त नव्या मुली आणि बायका आल्या. मुक्ती सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या संख्येत सगळ्यांना एकत्र कोंबणं हा सोपा मार्ग असतो आणि तो बहुतेक ठिकाणी अवलंबला जातो. केडगावला आवार एक ठेवून घरं वेगळी केली. अनाथ मुली आणि विधवा मुक्ती सदनात. फसवल्या गेलेल्या, समाजानं ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन. आंधळ्या बायकांसाठी बार्तीमी सदन. अनाथ मुलांसाठी सदानंद सदन. मूळचं शारदा सदनही पुढे इथेच आलं.

कृपा सदनाचा विचार जरा थांबून करायला हवा. त्या काळात अशा बाईला घेणारी संस्था जवळजवळ नव्हतीच. घेतली तरी ‘चांगल्या’ मुलींपासून दूर, बंदिस्त. रमाबाईंनीही वेगळं घर ठेवलं हे खरं, आणि त्यामागे त्या काळचे नीतीचे संकेत होते हेही खरं. पण वेगळं ठेवण्याची एक बाजू आजही खरी आहे. अत्याचारातून सुटून आलेल्या बाईला पहिले काही महिने ज्या प्रकारची शांतता, औषधोपचार आणि तिला प्रश्न न विचारणारी माणसं लागतात, ती शंभर पोरांच्या गलक्यात मिळत नाहीत. वेगळं घर कशासाठी आहे, तिला लपवण्यासाठी की तिला सावरायला वेळ देण्यासाठी, यावर सगळं ठरतं. १८९९च्या कृपा सदनात दोन्ही हेतू मिसळलेले असणार, असं मी मानतो.

बार्तीमी सदनाचं काम मनोरमाबाईंच्या हातून उभं राहिलं. त्या ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी अंध बायकांना वाचायला शिकवलं. या अंध बायका टोपल्या विणत, वेताचं काम करत. एकदा ब्रेल आलं की त्यांतल्या काही इतरांना शिकवू लागल्या.

वृद्धांचं घर मात्र कोणत्याच वर्णनात फार जागा अडवत नाही. दुष्काळातल्या मुलींची छायाचित्रं परदेशी मासिकांत छापली जात, त्यांच्यासाठी पैसे येत. प्रीती सदनातल्या म्हातारीच्या ‘सुधारणे’ची कहाणी देणगीदाराला सांगता येत नाही. ती शिकणार नाही, कमावणार नाही, तिचं लग्न होणार नाही. तरी तिच्यासाठी घर होतं. आजही वृद्धाश्रमाला पैसा जमवणं बालगृहापेक्षा अवघड जातं, हे या क्षेत्रातला कोणीही सांगेल. लहान मुलांसाठी आलेल्या ओघातून म्हाताऱ्यांचं चालवणं ही तडजोड केडगावनं त्या वेळी केली, आणि अनेक संस्था आजही करतात.

हाताला काम

शेती, दुग्धशाळा, विणकाम, शिवण, धुलाई, तेलाचा घाणा, भांड्यांना कल्हई, पुस्तकबांधणी आणि छापखाना. आवारात ही सगळी कामं बायका करत. दोन हजार तोंडं असताना तेल, दूध, कापड विकत आणणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे कामाची सुरुवात गरजेतून झाली.

छापखाना सगळ्यांत लक्षात राहतो. अक्षरांचे खिळे जुळवणं, छापणं, पानं दुमडणं, बांधणं सगळं बायकांनी केलं. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर याच छापखान्यातून बाहेर पडलं. दुष्काळी छावणीतून आलेली, अक्षर न ओळखणारी पोर काही वर्षांनी हातात खिळे घेऊन ओळ जुळवते आहे, हे दृश्य त्या काळातल्या किती शहरी घरांतल्या मुलींच्या वाट्याला आलं असतं?

पैसा आणि श्रद्धा

आता या प्रकरणातली सगळ्यांत अवघड गाठ. १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेत गेल्या. जुन्या असोसिएशनची मुदत संपली आणि अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावानं नवी रचना झाली. तिची मदत शारदा सदनासाठी होती. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं आणि ते जगभरच्या ख्रिस्ती मंडळींच्या देणग्यांवर चालू लागलं. ठरलेलं अनुदान नाही, कायम निधी नाही. जे येईल त्यावर.

असं झालं की दाता आणि संस्था यांचं नातं बदलतं. अमेरिकेच्या पहिल्या मदतीला ‘धर्म शिकवू नका’ ही अट होती. नव्या मदतीमागे मुली ख्रिस्ती व्हाव्यात ही अपेक्षा होती. १९०५ साली मुक्तीत मोठं धार्मिक पुनरुज्जीवन, म्हणजे श्रद्धेची आणि प्रार्थनेची मोठी लाट, झालं आणि त्याची चर्चा परदेशांत पोचली. पोचल्यावर मदतही वाढली असणार, असं समजायला हरकत नाही.

रमाबाईंच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती दुसऱ्या टोकाबद्दल. उपाशी, पोरकी, दहा वर्षांची मुलगी तिला जेवू घालणाऱ्या घराच्या धर्माला ‘नाही’ कसं म्हणेल? तिच्या ‘हो’ला संमती म्हणता येईल का? हा प्रश्न ख्रिस्ती मिशनला जितका लागू आहे तितकाच हिंदू, मुस्लिम, कुठल्याही धर्माच्या आणि कुठल्याही पक्षाच्या आश्रमाला आहे. १८९३ मध्ये पुण्याच्या सुधारकांनी हा प्रश्न उपस्थित केला तो बरोबर होता. पण हा प्रश्न उपस्थित करून बाजूला झालेल्यांपैकी मध्य प्रांतातल्या त्या तीनशे मुलींना आणायला कोण गेलं, हेही विचारायला हवं. जे दार उघडतात तेच अटी ठरवतात. अटी मान्य नसतील तर दुसरं दार उघडायला हवं, आणि कर्व्यांनी ते आपल्या परीनं उघडलं.

आज हेच आवार उभं करायचं तर

आज कोणी एकाच आवारात असं काम करू म्हणेल तर कायदा त्याला तीन दिशांना नेतो. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे संस्थेची नोंदणी लागते, आणि सापडलेलं मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. निराधार, पीडित स्त्रियांसाठी केंद्राच्या मिशन शक्तीखाली शक्ती सदन. वृद्धांसाठी २००७चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, ज्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. तिन्हींचे निकष, तपासणी अधिकारी, नोंदवह्या वेगळ्या.

ही बंधनं मी वाईट म्हणणार नाही. नोंदणी नसलेल्या बालगृहांत जे प्रकार उघडकीला आले आहेत ते पाहता मूल कोणाच्याही हाती सोपवून चालत नाही. १८९७च्या छावण्यांत रमाबाईंनी पाहिलेली राखणदारच भक्षक होण्याची गोष्ट अजून संपलेली नाही. पण आजी आणि नात एकत्र आल्या तर कायद्याच्या चौकटीत त्यांच्या वाटा लगेच वेगळ्या होतात. नात बालगृहात, आजी वृद्धाश्रमात, आणि ते बऱ्याचदा वेगळ्या तालुक्यांत. वेगवेगळ्या नोंदणीची घरं एकाच आवारात, मधे कुंपण पण फाटक उघडं, अशी सोय परवाना देणाऱ्यांनी आणि मागणाऱ्यांनी दोघांनीही मनावर घेतली तर जमण्यासारखी आहे. केडगावच्या रचनेतून उचलायची असेल तर मी ही गोष्ट आधी उचलेन.

प्रमुख गेल्यावर

रमाबाईंनंतर मनोरमाबाई सगळं पाहतील असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या आईबरोबर वाढल्या, शिकल्या, कामात मुरल्या होत्या. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आधी गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. एका कुटुंबावर उभ्या असलेल्या संस्थेसाठी हा घाव जिवावरचा होता. रमाबाईंनी मुलीनंतर उरलेल्या काही महिन्यांत कारभार दुसऱ्या विश्वासू हातांत सोपवण्याची व्यवस्था केली आणि मुक्ती मिशन टिकलं. आजही ते केडगावला चालू आहे, मुलं, बायका आणि वृद्ध यांच्यासाठी. पुढची फळी आधीपासून गटागटांत तयार होत गेली नसती, तर त्या आठ-साडेआठ महिन्यांत कागदावर कोणाचंही नाव लिहून काही उपयोग झाला नसता.